पाचव्या गाण्यातला 'वा!'

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मला कुणी जुनाट म्हटलं तर चालतं, अवजड म्हटलं तरी चालतं, पण समोर येऊन "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणत टिचकी मारलेली मुळीच चालत नाही. ओळख व्हायच्या आधीच पाहुण्याच्या पोटात बोट खुपसतं का कुणी? माझ्या जाळीच्या आत पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा आहे. सत्तर वर्षं मी तो जपत आलो आहे. बोलायचं असेल तर नीट बोला, गायचं असेल तर खुशाल गा. मी ऐकायलाच तर बसलो आहे.

हल्ली माझा मुक्काम नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिल गावात, एका गॅरेजमधल्या फळीवर असतो. माझ्या एका बाजूला गणपतीच्या मखराचे खांब आहेत. दुसऱ्या बाजूला बर्फ ओढायचं फावडं आहे. ते या गावात चार वर्षांतून एकदा लागतं, पण ऐट अशी दाखवतं की सांगता सोय नाही. डोक्यावर धुतलेल्या सुती कापडाची पिशवी असते, म्हणजे धूळ बसत नाही. माझं मराठी ऐकून तुम्हाला नवल वाटलं असेल. जन्माने मी पक्का अमेरिकन. पण या घरात मी चोवीस वर्षं राहतो आहे, घरात मराठी बोलतात, आणि माझा तर धंदाच ऐकण्याचा. न येऊन सांगतो कुणाला?

माझा जन्म ओहायो राज्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या आणि सात माणसं. माझा पडदा ताणून बसवला तो एका चष्मेवाल्या बाईने. पडद्यावर श्वासाची वाफ बसू नये म्हणून ती श्वास रोखून काम करायची आणि अधूनमधून मान वळवून मोठा उसासा टाकायची. जगात आल्यावर मी पहिला आवाज ऐकला तो तिच्या उसाशाचा. माझ्याबरोबर एक जड लोखंडी पेटी दिली गेली. तिच्यातून मला वीज मिळते. आमच्या दोघांमधली वायर आखूड आहे, त्यामुळे मी जिथे जाईन तिथे ही पेटी पाठराखणीसारखी येतेच.

तिथून माझी रवानगी झाली ती डोंगरातल्या एका रेडिओ स्टेशनवर. ब्लू रिजचे ते डोंगर. सकाळी माझ्यासमोर बसून एक गृहस्थ हवामान सांगायचे, तंबाखूचे भाव सांगायचे, कुणाचं कुत्रं हरवलं ते सांगायचे आणि मग आवाज खाली आणून गावात कोण वारलं ते वाचायचे. बाकी आठवडा असा जायचा. पण शनिवार माझा असायचा! शनिवारी दुपारी डोंगरातून गाणारे यायचे. एकाकडे बॅन्जो, एकाकडे मॅन्डोलिन, एकाकडे गिटार, एकाकडे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि एकाकडे माणसाहून उंच असा बेस. या गाण्याला ब्लूग्रास म्हणतात. त्यात सुटलेलं घर असतं, आगगाडी असते, आई असते, नदीपलीकडचं स्मशान असतं. शब्द सगळे दुःखाचे आणि चाल अशी पळती की पाय थांबत नाहीत. एवढं रडगाणं इतक्या आनंदाने गाणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. म्हणजे ऐकली नाहीत.

आणि मित्रांनो, त्या सगळ्यांमध्ये मी एकटा. पाच माणसं, पाच वाद्यं आणि माईक एक. सगळे माझ्यासमोर अर्धवर्तुळ करून उभे राहायचे. ज्याची पाळी तो एक पाऊल पुढे यायचा, माझ्याजवळ वाजवायचा आणि दुसऱ्याला वाट देत मागे सरायचा. आवाज कमी-जास्त करायचा तो पायांनी. बटणं नाहीत, काही नाही. कुणाचं पाऊल चुकलं की फिडलचा गज शेजाऱ्याच्या टोपीत जायचा. एकदा तर टोपी उडून माझ्याच डोक्यावर बसली होती. पण पावलं जुळली की पाच जणांचा मिळून असा एकच आवाज माझ्या पडद्यावर यायचा की त्यात कोण कुठला हे शोधूनही सापडू नये. तेव्हा लोक लांबलांबहून पत्रं पाठवायचे आणि लिहायचे, तुमच्या स्टेशनचा आवाज फार गोड आहे. तो मी होतो.

दिवस सारखे राहत नाहीत. स्टेशनवर नवे माईक आले, प्रत्येकाला वेगळा. कुणाला कुणाजवळ उभं राहायची गरज उरली नाही. माझी बदली झाडूंच्या कपाटात झाली. अकरा वर्षं मी तिथे होतो. त्या अकरा वर्षांबद्दल मी काही बोलणार नाही. झाडूंना गाण्यातलं काय कळतंय!

मग स्टेशनच बंद झालं आणि जुन्या सामानाची विक्री निघाली. तिथे एक माणूस शिडी घ्यायला आला. त्याने कपाट उघडलं, मला पाहिलं, आणि तिथल्या तिथे खाली बसला. तो शैलेंद्र. वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करतो. शैलेंद्र मूळचा नागपूरचा. इथे एका कंपनीत इंजिनिअर. कॉलेजात असताना नागपूरला शास्त्रीय गाण्याच्या बैठकी व्हायच्या, तिथे सतरंज्या घालणं, माईक लावणं ही कामं तो हौसेने करायचा, आणि काम झालं की पहिल्या रांगेच्या कडेला मांडी घालून बसायचा. गाणं आलं नाही, पण ऐकणं मात्र तो तिथे शिकला. ते शिकायलाही जन्म लागतो.

मला घेऊन तो घरी आला तेव्हा त्याची बायको पद्मिनी दारातच उभी होती.

"शिडी कुठाय?"

"अगं, हा माईक बघ! असा पीस आता बनत नाही."

"याच्यावर चढून पंखा पुसणार आहेस का?"

पद्मिनीचं आणि माझं तेव्हापासून जमतं. टिचकी न मारता बोलणारी बाई आहे ती. शैलेंद्रने मला तीन महिने खपून दुरुस्त केलं आणि मग माझ्यासमोर एका पाच वर्षांच्या मुलीला उभं केलं. ती त्यांची केया. तिने 'सा' लावला. मित्रांनो, इतक्या जवळून इतका स्वच्छ आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. त्यानंतर दर रविवारी ती ज्ञानदामावशींकडे शास्त्रीय गाणं शिकायला जायची आणि दर महिन्याला शैलेंद्र माझ्यासमोर तिचं गाणं ध्वनिमुद्रित करायचा. बाप समोर मांडी घालून बसायचा आणि एखादी जागा चांगली आली की पटकन म्हणायचा, "वा!" ती छोटी मग आणखी चेवाने गायची. नऊ वर्षं असं चाललं.

शेजारी वेंडेल नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. डोंगरातून मुलीजवळ राहायला आलेले. आपण जसं नावापुढे काका जोडतो तसं इकडे लहान मुलं मिस्टर जोडतात, म्हणून ते सगळ्यांचे मिस्टर वेंडेल. ओसरीवर बसून ते बॅन्जो वाजवायचे. केया शाळेतून येताना आधी फाटकाशी थांबायला लागली, मग पायरीवर बसायला लागली, मग गायला लागली. शैलेंद्रला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलीचे कान चौफेर हवेत, असं तो म्हणायचा. पण चौदाव्या वर्षी एका रविवारी, ज्ञानदामावशींकडे जायच्या वेळी, ती गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, आय डोन्ट वॉन्ट टू गो एनीमोर. मला मिस्टर वेंडेलकडचं म्युझिक करायचंय."

शैलेंद्र माझी जाळी पुसत होता. हात थांबला. पुसायचं फडकं त्याने घडी करून फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "ओके."

तो रागावला नाही हो. रागावला असता तर बरं झालं असतं. पुढे केया कॉलेजात गेली, नोकरीला लागली, नोकरी करता करता शनिवार-रविवारी गावोगाव गाऊ लागली, तिचं नाव झालं. शैलेंद्र तिची गाडी तपासून द्यायचा, टायरमधली हवा बघायचा, पोहोचलीस की फोन कर म्हणायचा. गाण्याला त्याने कधी नावं ठेवली नाहीत. पण 'वा' म्हणणंही त्याने त्या दिवशी बंद केलं, आणि तिच्या कार्यक्रमांना तो कधी गेला नाही. लेकीला मात्र जगाने दिलेली शाबासकी पुरत नव्हती. तिला त्या एका अक्षराची भूक होती. हे मला कसं कळलं? प्रत्येक कार्यक्रमानंतर तिचा फोन यायचा. गॅरेजमध्ये शैलेंद्र स्पीकरवर बोलायचा. ती सगळं सांगायची आणि शेवटी जरा थांबायची. तो म्हणायचा, "जेवलीस का?"

दोन वर्षांपूर्वी केयाचा पहिला स्टुडिओ अल्बम ठरला. ती घरी आली आणि सरळ माझ्या फळीपाशी आली.

"बाबा, तुझा माईक देशील? पूर्ण अल्बम एकाच माईकवर करायचाय. ओल्ड वे. सगळे एकत्र, नो फिक्सिंग."

"याची पेटी मधेच खरखरते. तुमच्या त्या स्टुडिओवाल्याला नाही जमणार."

"मग तू ये ना."

"पेटी बघायला येतो," शैलेंद्र म्हणाला. फक्त पेटी बघायला, हे त्याने दोनदा सांगितलं.

स्टुडिओ डोंगरातल्या एका गावी, जुन्या शाळेच्या इमारतीत होता. डॅरेल नावाचा एक मितभाषी माणूस तो चालवायचा. तो काचेपलीकडे बसला. माझी वायर आखूड, म्हणून पेटी माझ्याच खोलीत आणि पेटीपाशी शैलेंद्र. त्याने बूट काढून दाराशी ठेवले, भिंतीशी सतरंजी घातली आणि मांडी घालून बसला. डॅरेलने बजावलं, गाणं चालू असताना खोलीत चकार शब्द नको. शैलेंद्रने मान डोलावली. दोन दिवस तो इतका गप्प बसला की त्याच्या पोटातली गुडगुडसुद्धा मला ऐकू यायची.

केयाने अर्धवर्तुळ केलं. मध्ये ती, उजवीकडे बॅन्जो घेऊन ऐंशीला टेकलेले मिस्टर वेंडेल, बाकीचे तिच्या वयाचे. सगळ्यांची पावलं ऐकून मला रेडिओ स्टेशनचे शनिवार आठवले. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला कुणी पुन्हा कामाला लावतं तेव्हा काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. मी अंग चोरून ऐकत होतो.

पाचवं गाणं केयाने स्वतः रचलेलं होतं. घरातून रुसून गेलेली एक मुलगी बापाला सांगते आहे, रात्रीचं फाटक लावू नका, मी वाटेत आहे. शेवटचा शब्द 'होम', घर. पहिल्या दोन वेळा गाणं ठीकच झालं. तिसऱ्या वेळी केया त्या 'होम'वर आली आणि कुणालाही न सांगता वरच्या सुरावरून मींड घेत, अलगद घसरत खाली उतरली. ती नऊ वर्षांची तालीम होती. ती कुठेही गेली नव्हती. ती खालच्या सुरावर टेकली, एक पाऊल मागे सरली, मिस्टर वेंडेल पुढे आले, बॅन्जो सुरू झाला, आणि भिंतीकडून आवाज आला:

"वा! क्या बात है!"

कुणी थांबलं नाही. ब्लूग्रासवाले घर पेटलं तरी कडवं पुरं करतात. गाणं संपलं आणि मग सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. शैलेंद्रने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"सॉरी, सॉरी! आय ॲम सो सॉरी. प्लीज, डिलीट करा ते. केया, सांग ना त्याला. चुकून निघालं गं."

बैठकीत बसून बसून घडलेली जीभ ती. तिला काय ठाऊक स्टुडिओ कशाला म्हणतात! डॅरेल बाहेर आला आणि मान हलवत म्हणाला की ते काढता येणार नाही. माईक एकच, सगळे आवाज एकत्र. आमटीत पडलेलं मीठ वेगळं काढता येतं का? मग पुन्हा गायले. आणखी सहा वेळा गायले. शैलेंद्र तोंडात रुमाल कोंबून बसला होता. पण तो तिसऱ्या वेळचा 'होम' काही परत आला नाही. ठरवून आणायची गोष्ट नव्हती ती.

संध्याकाळी केया म्हणाली, "थर्ड टेक राहू दे."

शैलेंद्र गयावया करू लागला. तेव्हा मिस्टर वेंडेल म्हणाले, "आमच्या चर्चमध्ये कुणी मनापासून 'आमेन' म्हटलं, तर त्याला आम्ही बाहेर काढत नाही." विषय संपला.

आता एक गुपित सांगतो. तो 'वा' नेमका बॅन्जोवर पडला हे खरं. पण त्याच्या आधी काय झालं ते फक्त मी ऐकलं. केयाचा सूर खाली टेकला त्याच क्षणी भिंतीपाशी एक श्वास अडकला. मग आवंढा गिळल्याचा आवाज आला. मग ओठ उघडले, पण आवाज फुटला नाही. तोवर बॅन्जो सुरू झाला होता. त्याच्या झणत्कारात हे सगळं बुडून गेलं आणि वर आला तो फक्त 'वा'. मला सगळं ठाऊक होतं. पण माईकला कोण विचारतं? आम्ही घेणारे, सांगणारे नव्हे.

अल्बम निघाला. ब्लूग्रासला वाहिलेल्या एका मासिकात त्यावर लेख आला. केयाच्या आवाजाचं त्यात भरभरून कौतुक होतं. पण शेवटी लिहिलं होतं: पाचव्या गाण्यात बॅन्जोने भारावलेला कुणी गृहस्थ मध्येच ओरडतो. इतक्या चांगल्या अल्बममध्ये असा गलथानपणा शोभत नाही. शैलेंद्रने तो लेख छापून आणला, त्या दोन ओळींखाली पेनाने रेघ मारली आणि कागद माझ्या फळीवर ठेवून दिला. इंटरनेटवर तर लोक हमरीतुमरीवर आले. निम्मे म्हणाले, काढा. निम्मे म्हणाले, हात लावाल तर खबरदार. डोंगरातल्या एका रेडिओवाल्याने मात्र ते गाणं दर शनिवारी लावायचा सपाटा लावला.

आपल्या लोकांचं म्हणाल तर पाडव्याच्या कार्यक्रमाला शैलेंद्र मला घेऊन गेला होता. तिथे त्याचा मित्र गुरुदत्त भेटला.

"काय शैलेंद्र, रेकॉर्डिंग आर्टिस्ट! ऐकला बरं का अल्बम. त्या बॅन्जोवाल्याला काय दाद दिलीस यार! एखादी पोरीला पण देत जा."

गुरुदत्तने हे थट्टेत म्हटलं. शैलेंद्र हसला नाही. शेजारीच केया उभी होती, तीही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली. शैलेंद्र माझी पेटी उघडून बसला होता, मी चालूच होतो.

"बाबा, एक विचारू? ते 'वा'... हू वॉज इट फॉर? मला की मिस्टर वेंडेलला?"

बोल ना रे, मी मनात म्हटलं. इतकं सोपं आहे! पण ज्या माणसाने चौदा वर्षं एखादी गोष्ट बोललेली नाही, त्याला ती अचानक कशी बोलता येणार? लाज वाटते. आपण इतकी वर्षं का नाही बोललो, हेही मग सांगावं लागतं.

"सवय आहे गं ती," शैलेंद्र पेटीत डोकं घालून म्हणाला. "निघून जातं तोंडातून. बॅन्जो सुंदर वाजला त्या दिवशी."

"ओके," केया म्हणाली.

अगदी बापासारखंच म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. फोन यायचे, पण आता शेवटी ती थांबायची नाही. शैलेंद्र फोन ठेवून उगाच माझी पिशवी काढायचा, घालायचा. त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं.

गेल्या ऑक्टोबरात त्याच डोंगरगावात, कोर्टाच्या इमारतीपुढच्या हिरवळीवर केयाचा कार्यक्रम होता. मिस्टर वेंडेलचा हा शेवटचा कार्यक्रम, म्हणून माझ्यावरच गायचं ठरलं. आणि मी म्हणजे पेटी, आणि पेटी म्हणजे शैलेंद्र. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो मुलीच्या कार्यक्रमाला आला, तोही स्टेजच्या कडेला, पेटीवर हात ठेवून. पद्मिनी पुढे घडीच्या खुर्चीत बसली होती. सगळीकडे टोप्या घातलेले शेतकरी, म्हाताऱ्या बायका, मांडीवर कुत्री.

पाचवं गाणं आलं. केया 'होम'वर आली, खाली उतरली, मागे सरली. बॅन्जो सुरू झाला. आणि मित्रांनो, त्या हिरवळीवरचे दोन-अडीचशे लोक एका आवाजात ओरडले:

"वाऽऽ!"

रेडिओवर ऐकून ऐकून त्यांना तो पाठ झाला होता. त्यांच्या लेखी तो गाण्याचाच भाग होता. माझा पडदा थरथरला. मिस्टर वेंडेल हसत हसत वाजवत राहिले. पद्मिनी रडत होती, ते मी ऐकलं. शैलेंद्रकडून मात्र "च्च!" असा आवाज आला. बेसूर ऐकल्यावर तो करतो तसा.

कार्यक्रम संपला. लोक खुर्च्या मिटू लागले. केया माझ्यापाशी आली तसा शैलेंद्र तरातरा स्टेजवर चढला. पेटी बंद करायचं तो विसरला. जन्मात पहिल्यांदा विसरला.

"चुकीच्या जागी म्हणतात गं हे लोक!"

"काय?"

"ते 'वा'! बॅन्जो सुरू झाल्यावर म्हणतात. तिथे नाहीये ते."

"बाबा, रेकॉर्डवर तिथेच आहे."

"रेकॉर्डवर चुकलंय! म्हणजे माझं चुकलंय. बॅन्जोला नव्हतं ते, केया. त्याच्या आधीचं होतं. तू 'होम'वरून खाली आलीस ना, ती मींड घेऊन, तिथलं. मला बोलताच येईना. गळा असा दाटून आला... आवाज फुटेपर्यंत यांचा बॅन्जो सुरू झाला होता. मला उशीर झाला."

शेवटचं वाक्य कोर्टाच्या भिंतीवर आपटून परत आलं. शैलेंद्र दचकला. हे सगळं माझ्यातून स्पीकरवर, स्पीकरवरून साऱ्या हिरवळीवर गेलं होतं. लोक खुर्च्या हातात धरून उभे होते. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण बाप मुलीशी काहीतरी बोलतो आहे एवढं त्यांना कळलं असावं.

"अगं, हा चालू आहे?"

"यू आर लाइव्ह, बाबा," केया म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

पुढून पद्मिनी ओरडली, "बंद करू नकोस! इतक्या वर्षांनी बोलतोयस, बोल आणखी!"

पण त्याला आणखी बोलता येईना. तेव्हा केया एक पाऊल पुढे सरकली. "परत म्हणते. या वेळी नो बॅन्जो," ती म्हणाली, आणि गाण्याची शेवटची ओळ तिने नुसत्या आवाजात म्हटली. घरी येणाऱ्या वाटेसारखा तो सूर हळूहळू खाली आला आणि टेकला.

मग शांतता. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी मदतीला 'वा' म्हटलं नाही. मी एक अडकलेला श्वास ऐकला. आवंढा ऐकला. ओठ उघडलेले ऐकले. केया वाट बघत होती. या वेळीही त्याला उशीर झाला. मग तो 'वा' आला, अगदी बारीक आवाजात, फक्त तिच्याकडे तोंड करून.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्यायला सांगायची रीत आहे. तर मला ओल लागू देऊ नका, टिचकी मारू नका, झाडूंच्या कपाटात ठेवू नका. पण एक विनंती याहून मोठी आहे. मी फक्त तोंडातून निघालेलंच टिपू शकतो. मनातल्या मनात दिलेली दाद माझ्या पडद्यापर्यंत येत नाही, आणि ज्याची आहे त्याच्या कानापर्यंतही जात नाही. तुमच्या घरात कुणी गात असेल, लिहीत असेल, साधी पोळी गोल लाटत असेल, तर आवडलं की त्याला ऐकू जाईल असं सांगा. उशीर झाला असेल, तरीही सांगा.